‘मी फक्त मार्केटिंग करते’ म्हणून सुटका होते का?

पत्र थोडक्यात (नाव आणि क्लायंटची नावं काढून): वय ३२, मूळची सांगलीची, आता पुण्यात. जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडून २०२१ मध्ये ब्लॉकचेन (क्रिप्टोमागचं नोंदवहीचं तंत्र) कंपन्यांचं मार्केटिंग करणारी स्वतःची छोटी एजन्सी काढली. तिघींची टीम. टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड या ग्रुप-चॅट अॅपवरची कम्युनिटी सांभाळणं, कंटेंट, लाँचच्या मोहिमा अशी कामं, क्लायंट बहुतेक दुबई आणि सिंगापूरचे. २०२२ मध्ये निम्मे क्लायंट गायब झाले तरी तग धरला. आता खात्यात तीन महिन्यांचे पगार निघतील एवढेच पैसे आहेत आणि एका नव्या प्रोजेक्टची ऑफर आलीय, महिना ६ लाख, त्यातले २ लाख यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) आणि ४ लाखांचं त्यांचं स्वतःचं टोकन (त्यांनीच काढलेलं क्रिप्टो नाणं). काम काय तर सांगली, सोलापूर, जळगाव, नांदेडकडचे यूट्यूबर आणि इन्स्टावाले धरून मराठीत मोहीम चालवायची. नवीन माणूस आणला की बोनस, टोकन ‘स्टेक’ केलं (त्यांच्याकडे अडकवून ठेवलं) की दर महिन्याला ठरावीक परतावा. मागे कोण लोक आहेत त्यांची खरी नावं कुठेच नाहीत. दुसरीकडे बाणेरच्या एका स्किनकेअर कंपनीत मार्केटिंग हेडची नोकरी मिळतेय, वर्षाला १८ लाख. आई म्हणते सोड हे सट्ट्याचं काम. मावसभावाने तिच्या एका जुन्या क्लायंटच्या गेमिंग टोकनमध्ये ८० हजार घातले होते ते बुडाले, तेव्हापासून तो बोलत नाही. प्रश्न असे की ऑफर घेऊ का, की हे क्षेत्रच सोडून देऊ, आणि मी फक्त मार्केटिंग केलं, कुणाला घ्या म्हणून सांगितलं नाही, तर दोष माझा कसा?

तू पत्रात ताई म्हटलंयस म्हणून मीही सरळ तू म्हणते. तीन वेगळे प्रश्न तू एका दमात विचारलेयस, या ऑफरचं काय, या धंद्याचं काय आणि भावाचं काय, आणि एकत्र आल्यामुळे ते आहेत त्यापेक्षा भयंकर वाटतायत. सुटे केले तर पहिल्याचं उत्तर तुझं तुलाच माहितीये, नाहीतर ‘टीमची नावं कुठेच नाहीत’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं नसतंस.

ऑफर घेऊ नकोस. का ते नीट सांगते, कारण नुसतं ‘रिस्की आहे’ म्हणून तुझं समाधान होणार नाही, या धंद्यात सगळंच रिस्की आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नावं नसलेली टीम, माणसं आणल्यावर बोनस आणि महिन्याला ठरावीक परतावा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला ब्लॉकचेन प्रोजेक्ट म्हणायचं कारण उरत नाही, ती साखळी योजना झाली. पुण्यात राहून तू गेनबिटकॉइनचं नाव ऐकलं नसशील असं होणार नाही. त्यात १८ महिने दर महिन्याला १० टक्के बिटकॉइन परत देऊ असं सांगितलं होतं, लोक आले ते ओळखीतल्या ओळखीतून, साखळीने. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ च्या सुरुवातीला तो वारला, आणि पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. पैसे घालणाऱ्यांचं काय झालं ते तुझ्या ओळखीतही कुणीतरी सांगू शकेल. आता तुला आलेली ऑफर त्याच्या शेजारी ठेवून बघ, शब्द नवे आहेत, ‘स्टेकिंग’ आहे, ‘रेफरल’ आहे, ‘कम्युनिटी’ आहे, आतला सांगाडा तोच.

ठरावीक परतावा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेणं आपल्याकडे २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या) कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. टोकन त्या व्याख्येत बसतं की नाही यावर वकील वाद घालतील, घालू देत. पण जाणूनबुजून खोटी आश्वासनं देऊन माणसाला अशा योजनेत ओढणं हा २०१९ च्या कायद्याने कुणासाठीही गुन्हा आहे, फक्त योजनेच्या मालकासाठी नाही. आणि उद्या काही झालं तर मालक कुठल्या देशात आहे हे कुणालाच माहीत नसणार, सांगलीच्या यूट्यूबरला पैसे कुणी पाठवले हे मात्र बँकेच्या स्टेटमेंटवर तुझ्या एजन्सीच्या नावाने छापलेलं असणार.

इथेच मला तुझ्या त्या वाक्याकडे यायचंय, ‘मी फक्त मार्केटिंग करते’. तू एजन्सीत वाढलीस, तिथे हे वाक्य चालतं आणि बरोबरही आहे. साबणाची जाहिरात कितीही फुगवून केली तरी घरी नेलेल्या साबणाने अंग धुता येतं. टोकनचं तसं नाही गं. बऱ्याचशा टोकनांना घेणारे आहेत म्हणून किंमत आहे, दुसरं काही कारणच नाही, आणि घेणारे आणायचं काम कोण करतं तर तू. म्हणजे तिथे मार्केटिंग हाच माल असतो. डिस्कॉर्डवर गर्दी दिसते म्हणून लोक घेतात, लोक घेतात म्हणून भाव चढतो, भाव चढला म्हणून अजून गर्दी येते, आणि ज्यांना आधी स्वस्तात वाटलेलं आहे ते आपली टोकनं अनलॉक (विकायला मोकळी) झाली की विकून निघतात, आणि शेवटी हातात टोकन उरतं ते तुझ्या भावासारख्यांच्या. हे तुला मी सांगायला नको, टोकनचं वाटप आणि अनलॉकचा तक्ता तू माझ्याआधी वाचत असशील. फक्त एवढंच विचारते, तो तक्ता तुझ्या कुठल्या पोस्टमध्ये होता का कधी?

आणि नियम तरी आता मार्केटिंगवाल्याला वेगळं कुठे काढतायत. अमेरिकेतली टीव्ही स्टार किम कार्दाशियनने काही टोकन बनवलं नव्हतं, इथेरियममॅक्स नावाच्या टोकनबद्दल एक इन्स्टा पोस्ट टाकली होती आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाले हे सांगितलं नव्हतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाबरोबर १२ लाख ६० हजार डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे नियम १ एप्रिल २०२२ पासून आहेत. क्रिप्टोच्या जाहिरातीत हे अनियंत्रित आहे, फार जोखमीचं आहे आणि नुकसान झालं तर दाद मागायला नियामक नाही अशा अर्थाची सूचना ठळक द्यायची, छापील जाहिरातीत तर पाचवा हिस्सा जागा त्याला. ‘करन्सी’, ‘सिक्युरिटीज’ असले शब्द वापरायचे नाहीत, बारा महिन्यांपेक्षा कमी काळाचे रिटर्न दाखवायचे नाहीत, नफा वाढेल अशी हमी द्यायची नाही. ही झाली उद्योगाने स्वतःवर घातलेली बंधनं, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहेच आणि त्याखालच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. नांदेडचा एखादा रील बनवणारा पोरगा ती जोखमीची सूचना पाच सेकंद स्क्रीनवर ठेवेल असं तुला वाटतं का? आणि ठेवली तर क्लायंट ती रील पास करेल?

आता पैशाचं, कारण मला वाटतं खरं दडपण तिथलं आहे. ६ लाख म्हणजे ६ लाख नाहीत. टोकनमधले ४ लाख ज्या दिवशी तुझ्या हातात येतील त्या दिवशीच्या भावाने ते तुझं धंद्याचं उत्पन्न धरलं जाईल, बहुतेक सीए तसंच धरतात, म्हणजे टॅक्स चार लाखांवर. सहा महिन्यांनी ते टोकन ४० हजाराला विकलं गेलं तर ३ लाख ६० हजारांचा तोटा तुला कशातूनच वजा करता येत नाही, २०२२ च्या बजेटपासून क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वळता होत नाही, नफा झाला तर मात्र ३० टक्के. आणि ते टोकन लॉक असेल, बाजारात घेणाराच नसेल, तर हे ४० हजारसुद्धा कागदावरचेच.

यूएसडीटीवाले २ लाख तरी धड आहेत का? तू परदेशी क्लायंटना सेवा देतेस, तुझा समज आहे की ही एक्सपोर्ट आहे म्हणून जीएसटी शून्य. पण सेवेची निर्यात धरायला पैसे परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँक परवानगी देते तिथे रुपयांत) यावे लागतात, आणि यूएसडीटी हे परकीय चलन नाही, त्यावर डॉलर लिहिलेलं असलं तरी. उद्या अधिकाऱ्याने १८ टक्के मागितले तर ते तुझ्या खिशातून, क्लायंट काय ते देणार नाही. म्हणून जुन्या क्लायंटनासुद्धा सांग की बँकेतून वायर करा, इन्व्हॉइसवर डॉलरची रक्कम लिही, दर वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भर, पैसे आल्याचं बँकेचं पत्र जपून ठेव. ज्या क्लायंटला बँकेतून पैसे पाठवताच येत नाहीत त्याच्याबद्दल तुला तेवढ्यातच बरंच कळलं.

थोडक्यात ही महिना दोन लाखांची आणि वर लॉटरीचं एक तिकीट अशी ऑफर आहे, त्यातल्या दोन लाखांतून तिघींचे पगार आणि यूट्यूबरांचे पैसे भागवायचे. असा हिशोब मांडला असतास तर तू पत्र लिहिलं असतंस का मला शंका आहे.

आता मोठा प्रश्न, क्षेत्रच सोडू का. इथे मी तुझ्या आईच्या बाजूने अर्धीच आहे. हळदीच्या वायद्याच्या गावातली बाई आहे ती, सट्टा म्हणजे काय हे तिला क्लासला जाऊन शिकावं लागलं नाही, तिचं म्हणणं उडवून लावू नकोस. पण ब्लॉकचेनचं मार्केटिंग हे एकच काम आहे असं तुम्ही दोघी धरून चाललायत. माझ्या मते ती दोन कामं आहेत आणि त्यांची माणसंही वेगळी. एक म्हणजे टोकन घेणाऱ्याला गाठणं. दुसरं म्हणजे त्या तंत्रावर काही बांधणाऱ्याला किंवा ते वापरणाऱ्याला गाठणं. दुसऱ्यात टोकनच्या किमतीचा विषयच निघत नाही. एखाद्या चेनला (ब्लॉकचेन नेटवर्कला) डेव्हलपर हवे असतात, त्यांना वाचता येईल असं डॉक्युमेंटेशन हवं असतं, हॅकेथॉनला पोरं आणायची असतात, बंगळुरूच्या ईथइंडिया हॅकेथॉनसारख्या ठिकाणी स्टॉल मांडून नुसतं टीशर्ट वाटण्यापलीकडे काही करायचं असतं. मुंबईतून २०१७ मध्ये मॅटिक म्हणून निघालेलं आणि २०२१ मध्ये पॉलिगॉन झालेलं नेटवर्क घे, त्याच्यावर गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५ हजार जातीचे दाखले नोंदवायचं काम झालं, दाखला खरा की खोटा हे कुणालाही तपासता यावं म्हणून. आता हे तहसीलच्या बाबूला, दाखला तपासणाऱ्या कॉलेजला आणि त्या पोराच्या बापाला तीन वेगवेगळ्या भाषेत समजावून सांगणं हे मार्केटिंगच आहे की, आणि अवघड आहे, कारण यात भाव वर जाणारा आलेख दाखवता येत नाही. तुला मराठी येतं, तुला हे तंत्र कळतं, आणि तू पाच ओळींत सांगू शकतेस. अशी माणसं खरंच कमी आहेत, हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

अर्थात यात पैसे कमी आहेत आणि उशिरा येतात, सरकारी काम असेल तर फारच उशिरा. आणि तेजी-मंदीचं चक्र आहेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरला टेकलं आणि वर्षभरात १६ हजारांच्या खाली आलं, मधे लूना हे टोकन कोसळलं, एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं, आणि सगळ्यांनी पहिली काट मारली ती मार्केटिंगच्या बजेटवर. तुझे निम्मे क्लायंट तेव्हाच गेले ना, त्यात तुझं काम वाईट होतं असं काही नाही. पुढेही असंच होणार, भाव पडला की फोन बंद. त्यामुळे चांगल्या वर्षात कमावलेलं चांगल्या वर्षातच खर्च करायची सवय या धंद्यात मोडावीच लागते, नऊ-दहा महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय ऑफिस मोठं करू नये, आणि एजन्सीचं निदान निम्मं काम तरी क्रिप्टोबाहेरचं असावं. सॉफ्टवेअर कंपन्या घे, फिनटेक घे. टेलिग्रामवर हजारो चिडलेल्या लोकांना रात्री अकरा वाजता शांतपणे उत्तरं देणाऱ्या तीन बाया कुठल्याही कंपनीला कामाच्या आहेत.

स्किनकेअरची नोकरी म्हणजे हरणं, असं तू लिहिलं नाहीस पण प्रत्येक ओळीत वास येतोय. २०२१ मध्ये नोकरी सोडताना ऑफिसात केलेलं भाषण आता लोकांना आठवेल ही भीती आहे का? लोकांना आठवत नसतं. माझं मत विचारशील तर मी नोकरी घाईने घेणार नाही पण दारही लावणार नाही. त्यांना विचार जॉइन व्हायला किती वेळ देतील, आणि पूर्णवेळ नोकरीऐवजी सहा महिने तुमची एजन्सी म्हणून आम्हीच काम करतो असं चालेल का. बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, काही हो म्हणतात, विचारायला काय जातंय. हो म्हणाले तर क्रिप्टोबाहेरचं काम तिथूनच सुरू झालं. नाही म्हणाले आणि दोन महिन्यांत धड क्लायंट मिळाला नाही तर नोकरी घे, आणि टीममधल्या दोघींना तसं आज सांगून ठेव. खात्यात तीन महिन्यांचेच पैसे आहेत हे त्यांना माहीत आहे का, पत्रावरून तरी वाटत नाही. त्यांचंही घरभाडं आहे.

पुढचा क्लायंट घेताना चार गोष्टी मेलवर विचार, फोनवर नको. कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे आणि संचालक कोण. टोकन असेल तर कुणाकडे किती आहे आणि कधी मोकळं होणार, आणि तो तक्ता आम्ही पोस्टमध्ये टाकला तर चालेल का. कोडचं ऑडिट कुणी केलं आणि अहवाल कुठे वाचायला मिळेल, ज्याच्याकडे चावी (कोड चालवायचा अधिकार) आहे तो मनाला येईल तेव्हा नवीन टोकन छापू शकतो का. आणि एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार) असेल तर भारताच्या एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, मार्च २०२३ पासून ती लागते आणि डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या. उत्तरं काय येतात त्याच्याइतकंच कशी येतात ते बघ, चांगली टीम कंटाळते पण लिहून देते, बाकीचे ‘सिस, ट्रस्ट मी’ म्हणतात. आणि मग स्वतःला विचार, उद्या या टोकनचा भाव शून्य झाला तरी हे प्रॉडक्ट कुणी वापरेल का. नाही असं उत्तर आलं तर फी कितीही असो, सोडून दे. टोकनमध्ये पैसे घ्यायचेच असतील तर टीमचा पूर्ण खर्च रोख पैशात निघाल्यावर वरचा वाटा म्हणून घे, आणि ते तुझ्याकडे आहेत हे पोस्टमध्ये लिहून टाक.

भावाचं. तू त्याला घे म्हणाली नाहीस हे खरं. पण त्याने घेतलं ते तू त्यात काम करतेस म्हणून, हेही खरं असावं, नाहीतर जगातली हजारो टोकनं सोडून त्याला नेमकं तेच कुठून सापडलं. तुझ्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर त्या गेमचं पोस्टर असायचं ना. तो तू देऊ केलेला सल्ला नव्हता, पण त्याच्या लेखी होता. ८० हजार परत देऊ का असं तू विचारलं नाहीस, आणि मी दे असंही म्हणणार नाही, कारण पैशाने हे मिटवायला गेलीस तर तो घेणारही नाही आणि बोलणारही नाही, आणि सध्या तुझ्याकडे नाहीतही. घरी जा, मावशीसमोर नको, त्याला बाहेर चहाला ने आणि सांग की त्या कामाचे मला किती पैसे मिळाले, मला आतलं काय माहीत होतं आणि काय नव्हतं. मला वाटतं तो तेवढ्यासाठीच अडून बसलाय, त्याला वाटत असणार तुला कळलं होतं आणि तू त्याला सांगितलं नाहीस. कळलं होतं का? मला नको सांगूस, त्याला सांग. आणि इथून पुढे क्लायंटचं काही घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, टाकलंस तर याचे मला पैसे मिळतात हे सोबत लिही, मामांना राग आला तरी.

हे वाचणाऱ्यांत कॉलेजची मुलं बरीच आहेत हे मला मेलवरून कळतं, त्यांच्यासाठी थोडं. डिस्कॉर्डवर मॉडरेटर (ग्रुप सांभाळणारे) व्हा, आत्ता पैसे नाहीत पण लाँचनंतर टोकन देऊ, असं कुणी म्हणालं तर ते फुकट काम आहे असं धरूनच हो किंवा नाही म्हणा. हो म्हणालात तर महिनाभरच करा आणि कामाचे स्क्रीनशॉट, आकडे स्वतःकडे ठेवा, पुढच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडतं. कामाच्या नावाखाली कुणी क्रिप्टो वॉलेटचे बारा शब्द (वॉलेट उघडायची गुप्त किल्ली) मागितले, किंवा ‘कामाची फाइल’ म्हणून काही डाउनलोड करायला सांगितलं तर तिथेच थांबा, अशा नोकरीच्या आमिषाने वॉलेट रिकामी झालेली आहेत. आणि आपल्या वर्गातल्या मुलांना रेफरल लिंक पाठवायचं काम असेल तर ते घेऊच नका.

तुझ्या क्लायंटला नकार कळवताना लांबलचक कारणं लिहू नकोस, ‘या स्वरूपाचं काम आम्ही घेत नाही’ एवढं पुरे, त्यावर ते फी वाढवून विचारतील बहुतेक. तेव्हाही तीच ओळ.